दिवाणातल्या मालाचं परीक्षण

आमच्या दिवाणात सध्या १९ टी-शर्ट आहेत आणि सगळे एस साइझचे. पाहुणे मुक्कामाला आले की गादी उचलून आधी टी-शर्ट बाहेर काढायचे, मग उशा. बारा वर्षांच्या भाच्याला त्यातला एक अगदी मापात बसतो, पण त्याला नको आहे. म्हणतो, "मावशी, याच्यावर नुसती अक्षरंच आहेत."

अक्षरंच असणार, कारण तो एका बातमीसंस्थेचा टी-शर्ट आहे. सोलापुरातून चालणारी, मराठीत बातम्या देणारी छोटी संस्था. जाहिराती घेत नाही, धर्मादाय आयुक्तांकडे न्यास म्हणून नोंदलेली, वाचकांच्या देणग्यांवर चालते. पी. साईनाथ यांनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या 'पारी' या ग्रामीण पत्रकारितेच्या संकेतस्थळाचं नाव ज्यांना माहीत आहे त्यांना ही जात ओळखीची वाटेल. आमच्या संस्थेचं बिऱ्हाड मात्र दोन खोल्यांचं आणि चार माणसांचं. या संस्थेच्या नावाच्या वस्तू करून घेणं, ठेवणं, विकणं आणि पोस्टात टाकणं हे काम मी दोन वर्षं बिनपगारी करते आहे. तेव्हा हितसंबंध आधीच उघड करते: हे परीक्षण मी विकते त्याच मालाचं आहे. संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर जाहिरात होईल, आणि खाली मी जे सांगणार आहे ते जाहिरातीत बसणारं नाही.

संपादक माझ्या मुलाचा वर्गमित्र. एकदा चहाला आला आणि म्हणाला, "काकू, आपण मर्चंडाइज काढलालोय. तुम्हाला मालातलं कळतं." कळतं हे खरं. एकवीस वर्षं मी एमआयडीसीतल्या एका युनिफॉर्मच्या कारखान्यात डिस्पॅच आणि बिलं सांभाळली. कुठल्या हुंडेकऱ्याकडे गठाण द्यायची आणि कुठल्या नाही, शर्टाची कॉलर कुठे चुकते, डझनाच्या भावात कोण कुठे मारतो, हे झोपेत सांगेन. पण वाचक नावाचं गिऱ्हाईक काय असतं ते मला माहीत नव्हतं. त्याचीच फी म्हणून हे १९ एस दिवाणात पडले आहेत.

टॉवेलापासून सुरुवात करते, कारण या सगळ्या पसाऱ्यात मनापासून घ्या म्हणावं अशी ती एकच वस्तू आहे.

सोलापुरात राहून संस्थेच्या नावाचा टॉवेल काढायचा नाही तर काय काढायचं? सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल, दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. पूर्व भागात अजून गल्लीतून जाताना मागांचा खडखड कानावर येतो. तरी संपादकाच्या पहिल्या यादीत टॉवेल नव्हता. हुडी होती. मेमध्ये पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसला जाणाऱ्या गावात हुडी! मी म्हटलं, हुडी घालून कोण फिरणार आहे, सिद्धेश्वर का?

टॉवेलावर छापायचं नाही, विणायचं, हे मी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. टेरीवर छापलेलं चार धुण्यांत भुरकट होतं. विणलेलं टॉवेल फाटेपर्यंत राहतं. त्यासाठी जकार्ड माग लागतो. साध्या डॉबी मागावर पट्टे आणि चौकडा निघतो. जकार्डवर एकेक धागा हवा तसा उचलता येतो, म्हणून नाव, मोर, देवळाचं शिखर, काय हवं ते विणता येतं. कारखानदार अण्णा माझ्या जुन्या ओळखीचे. घरात तेलुगू, कारखान्यात मराठी आणि हिशेबात दोन्ही. त्यांनी एका डिझाइनला किमान २०० नग सांगितले. साइझ सत्तावीस-चोपन्न इंच, साधारण ४०० जीएसएम (चौरस मीटरला ४०० ग्रॅम), म्हणजे एक टॉवेल पावणेचारशे ग्रॅमच्या आसपास भरतो.

आता काय विणायचं? संस्थेचं नाव किनारीला छोटं, आणि मध्ये एक वाक्य. संपादकाकडे लोकशाहीवरची सहा वाक्यं तयार होती. मी म्हटलं, माणूस अंघोळीला चाललाय, त्याला लोकशाही नको, पाणी हवं. सोलापूरकरांना पुढचं सांगायला नको. उजनी भरलेली असो नाहीतर तळाला गेलेली, नळाला पाणी कधी तीन दिवसांनी, कधी पाच. सकाळी उठल्यावर इथे देवाचं नाव नंतर घेतात. म्हणून टॉवेलावर विणलं: 'आज पाणी आहे का?' संपादकाला त्याच्याही पुढे जाऊन 'पाणी येलालंय का बे?' करायचं होतं. मला आवडलं असतं, पण निम्मे देणगीदार पुण्या-मुंबईचे. 'बे' शिवी आहे का, असा फोन मीच घेतला असता.

पहिला नमुना आला तो असा: 'आज पाणी आह का?'

'हे'ची मात्रा गेली. अण्णांनी मागापाशी उभं करून मला दाखवलं. टेरीला दोन ताणे, म्हणजे उभ्या धाग्यांचे दोन संच असतात. एक जमिनीचा, घट्ट ताणलेला, दुसरा सैल. तीन बाणे, म्हणजे आडवे धागे पडले की फणी एकदम पुढे ठोकते आणि सैल ताण्याचे लूप उभे राहतात. टॉवेलाची लव ती हीच. म्हणजे अक्षर काढायचं ते या लुपांमधून. दोन-तीन लुपांपेक्षा बारीक रेघ असेल तर शेजारचे लूप तिच्यावर झोपतात आणि ती दिसतच नाही. इंग्रजी अक्षरं जाडजूड, त्यांचं काही बिघडत नाही. आपल्या मात्रा, अनुस्वार, रफार सगळे नाजूक. "अक्का, धाग्याला व्याकरण कळत नाही," अण्णा म्हणाले. मग मात्रा जाड केली, शिरोरेघ थोडी बारीक केली, 'णी'ची वेलांटी रुंद केली, आणि तिसऱ्या नमुन्याला अक्षर वाचता आलं. संस्थेचं नाव एवढ्या मोठ्या अक्षरात किनारीला बसेना, तिथे फक्त चिन्ह ठेवलं. त्यावरून दोन दिवस संपादकाशी वाद झाला. मला विचाराल तर नाव नाही तेच बरं झालं.

वापरून कसा आहे? पहिल्या दोन धुण्यांत लव सुटते, काळ्या पँटीबरोबर टाकू नका. नवा असताना पाणी टिपत नाही, नुसतं इकडून तिकडे सरकवतो, कारण त्याला मऊ दिसण्यासाठी फिनिश दिलेलं असतं. तिसऱ्या-चौथ्या धुण्यानंतर टॉवेल म्हणावा असा होतो आणि मग होतच जातो. बांगडीत लूप अडकला तर ओढायचा नाही, कात्रीने कापायचा. ओढला की रेघच्या रेघ निघते. मरून रंगाचा पहिल्यांदा वेगळाच धुवा, नाहीतर ह्यांच्या बनियनसारखं होईल. त्यात एक गंमत अशी की जकार्ड टॉवेल मागून बघितला तर रंग उलटे आणि अक्षरंही उलटी. पण अंघोळ करून खांद्यावर उलटा टाकला आणि आरशासमोर उभं राहिलं की सरळ वाचता येतं, 'आज पाणी आहे का?' हे अण्णांनाही माहीत नव्हतं. गोंदियाच्या एका वाचक बाईंनी फोन करून सांगितलं.

किंमत ३००. करून घ्यायला १९० पडतो. २०० पैकी एकही उरला नाही. पाचपैकी साडेचार, अर्धा लवेसाठी कापला.

टी-शर्टचं आता सांगावंच लागेल.

कोरे टी-शर्ट तिरुपूरचे, १८० जीएसएम, सुती. त्यावर सोलापुरातच छापून घ्यायचं. वाक्य संपादकाचं आणि वाक्य म्हणून उत्तम: 'बातमी विकत नाही'. टी-शर्ट विकणाऱ्यांनी असं छापावं का, हा प्रश्न मी विचारला होता. तो म्हणाला, त्यातच तर मजा आहे. पहिली खेप ४० नगांची. छपाईवाल्या मुलाने व्हॉट्सॲपवर नमुना पाठवला, मी स्वयंपाक करता करता, चष्मा न लावता, अंगठा दाखवला. दुसऱ्या दिवशी गठ्ठा आला. सोडला तर चाळीसच्या चाळीस शर्टांवर ठळक, सुबक, अगदी मधोमध छापलेलं: 'बातमी वकित नाही'.

ज्यांनी मराठीत लग्नपत्रिका, फ्लेक्स, काहीही छापून घेतलंय त्यांना हा आजार माहीत असेल. आपण मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप करतो. दुकानातलं डिझाइनचं सॉफ्टवेअर जुनं, त्याला आपली पहिली वेलांटी कळत नाही. ती लिहिली जाते अक्षरानंतर पण दिसायला हवी अक्षराच्या आधी. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये ती आपल्या अक्षराचा हात सोडते आणि पुढच्याच्या गळ्यात पडते. 'वि'ची वेलांटी 'क'वर गेली. दुकानाचं नाव घेत नाही, कारण त्याने निम्मी चूक केली आणि निम्मी मी. "मॅडम, तुम्हीच ओके म्हणलाव की," तो म्हणाला, आणि व्हॉट्सॲपवर माझा अंगठा पुरावा म्हणून होताच. तरी भला माणूस, छपाईचे पैसे त्याने सोडले.

आमच्या ह्यांनी त्यातला एक घालून बँकेत चक्कर मारली. रांगेतल्या एकाने विचारलं, वकील आहात का?

चाळीस शर्ट फेकायचे की पुसायला काढायचे, यावर मी आणि संपादक त्या दोन खोल्यांत बसून विचार करत होतो. शेवटी तोच म्हणाला, बातमीत चूक झाली तर आपण काय करतो? दुरुस्ती छापतो. मग आम्ही पोस्टकार्डाएवढ्या कागदावर शुद्धिपत्र छापलं: 'टी-शर्टवर "वकित" असे छापले गेले आहे, ते "विकत" असे वाचावे. चुकीबद्दल दिलगीर आहोत.' एकेक कागद एकेका शर्टाला टाचणीने लावला आणि २०० रुपयांना विकायला ठेवले. नऊ दिवसांत संपले. नंतर बरोबर छापलेले आले, ३५० ला, तर लोक विचारतात, तो वकितवाला आहे का?

बरोबर छापलेल्यांची खेप १०० ची होती आणि १९ एस हे त्यातलेच. ही चूक पूर्ण माझी. एकवीस वर्षं शाळेचे युनिफॉर्म पाठवले. त्या धंद्यात लहान मापं जास्त उठतात, कारण पहिली-दुसरीची पोरं दरवर्षी नवी येतात आणि मोठी मुलं जुन्यावर भागवतात. हात त्याच सवयीने चालला. एस २५, एम ३०, एल २५, एक्सेल १५ आणि डबल एक्सेल फक्त पाच. पण देणगी देऊन बातम्या वाचणारा माणूस पन्नाशीचा असतो आणि पन्नाशीचा माणूस एस नसतो. डबल एक्सेल पहिल्या दोन दिवसांत गेले. त्यानंतर तीन महिने मी फोनवर लोकांची पोटं ऐकत होते. "एक्सेल बसेल का हो? जरा इथे आहे माझं." छाती किती ते सांगा म्हटलं तर कुणाला माहीत नसतं. तुमच्याकडे हे काम आलं तर वाचकांची मापं आधी मागवा, पैसे आधी घ्या, मग कापड घ्या. मला हे माहीत असायला हवं होतं.

छपाईबद्दल दोन शब्द. आम्ही दोन्ही तऱ्हा करून बघितल्या. फिल्मवर छापून उष्णतेने चिकटवतात ती, आणि जाळीतून शाई ओढतात ती जुनी स्क्रीनची. फिल्मवाली पहिल्या दिवशी देखणी दिसते, बारीक अक्षरही नीट उठतं, आणि पाच नगही करून मिळतात. पण हात लावला तर छातीवर स्टिकर लावल्यासारखं लागतं. आमच्या बोअरच्या जड पाण्यात, धोपटून, मी एक मुद्दाम धूत राहिले. बाराव्या धुण्याला 'ब'ची कड उचलली. स्क्रीनचा तिसाव्या धुण्यालाही फिका आहे पण जागेवर आहे. फिल्मवाल्यांचा दुसरा वैताग उन्हाचा. संस्थेच्या खोलीवर पत्रा आहे. एप्रिलमध्ये माळ्यावर ठेवलेली थप्पी काढली तर वरच्याची छाती खालच्याच्या पाठीला चिकटलेली. सोडवताना पोपटी रंगाचे दोन कामातून गेले. माल आमच्या दिवाणात आला तो तेव्हापासून. कापडाला चार, छपाईला अडीच, मापांच्या नियोजनाला शून्य, आणि तो शून्य मला.

पिशवी चांगली आहे, पण तिचं कौतुक संपादक करतो तेवढं मी करणार नाही. अमेरिकेत एनपीआर नावाचं सार्वजनिक रेडिओचं जाळं आहे. तिथे देणगी दिली की कापडी पिशवी मिळते, आणि ती पद्धत इतकी मुरलेली आहे की तिच्यावर विनोद होतात. संपादकाच्या डोक्यात तीच पिशवी होती. इथे मी कोऱ्या मांजरपाटाची करून घेतली. विडी वळणं सोडून शिलाईकडे आलेल्या बायकांचा एक गट आहे, त्यांच्याकडून. शिलाई सरळ आणि स्वच्छ. पण पहिल्या लॉटमध्ये बंदाला एकच टीप मारली होती. मी घरी आणून तिच्यात पाच किलो ज्वारीचं पीठ घातलं आणि दारावरच्या खुंटीला अडकवली. रात्री अकराला धप्प आवाज आला. दुसऱ्या दिवशी बंदाला चौकोन आणि चौकोनात फुली अशी टीप मारून घेतली. ती पिशवी आता माझ्याकडे दीड वर्ष आहे, दळण, भाजी, पार्सलं सगळं तिच्यातून जातं. धुतल्यावर बोटभर आटते. १२० रुपये. बंद लांब ठेवायला हवे होते, खांद्याला अडकवल्यावर काखेत रुतते.

चहाचे मग घेऊ नका. २४ करून घेतले, पाच पोस्टात फुटले. रद्दीत गुंडाळून पाठवत होते, आणि एका वाचकाने कळवलं की मगाचे तुकडे झालेत पण गुंडाळलेल्या पेपरातला अग्रलेख चांगला होता.

'तुम्ही नुसतं डिझाइन द्या, ऑर्डर येईल तसा एकेक नग छापून आम्हीच पाठवू' अशाही कंपन्या आहेत. एक महिना करून बघितलं. दिवाण मोकळा राहतो, हे मान्य. पण माल आपण बघितलेलाच नसतो. वाचक विचारतो, कापड कसं आहे, आणि मला सांगता येत नाही. एका शर्टामागे संस्थेला चहा-नाश्त्यापुरते पैसे. बंद केलं.

पोस्टाचं मात्र चांगलं सांगण्यासारखं आहे. मुख्य पोस्टात पार्सल घेणाऱ्या बाई माझा गठ्ठा बघितल्या बघितल्या वजनकाटा मोकळा करतात. एकदा अपुऱ्या पत्त्याचं पार्सल त्यांनी काउंटरवरच थांबवून मला फोन केला होता. कुरियरपेक्षा सावकाश, पण जिथे कुरियरवाला 'येऊन घेऊन जा' म्हणतो तिथे पोस्टमन दारात जातो. आमचे जुने वाचक अजून 'रजिस्टरने पाठवा' असंच लिहितात. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं, हे त्यांना किती वेळा सांगणार? मी 'हो' म्हणते आणि स्पीड पोस्टने टाकते. त्याच वर्षी पुस्तकांसाठी ज्ञान पोस्ट नावाची स्वस्त सोय आली, तेव्हा संपादकाने लगेच विचारलं, "काकू, आपले टॉवेल जातील का त्यातून?" टॉवेलात ज्ञान कुठलं रे?

सगळ्यात जास्त फोन विजापूरकडचे येतात. आता सरकारी नाव विजयपुरा, पण सोलापुरात कोण म्हणतं. इंडी, विजापूर, कलबुर्गी, इथे घराघरांत मराठी वाचणारी माणसं आहेत आणि निम्म्यांचं सासर सोलापुरात. टॉवेल पाठवा म्हणतात, आणि मला नाही म्हणावं लागतं. कारण जीएसटी. राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. पण राज्याबाहेर एक टॉवेल विकला तरी नोंदणी हवी, मग दरमहा नाहीतर तीन महिन्यांनी रिटर्न आलं. म्हणजे राज्याच्या त्या टोकाला गोंदियाला टॉवेल जातो आणि शंभर किलोमीटरवरच्या विजापूरला जात नाही. हे सांगायला मला सीए लागला नाही, जन्म गेला बिलं करण्यात. संपादकाला मात्र पटत नव्हतं, ना-नफा संस्थेला जीएसटी कसा? नफा वाटत नाही म्हणून माल माल राहत नाही का? इंडीचे एक आजोबा शेवटी जानेवारीत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला आले, तेव्हा होम मैदानावर एका पुस्तकवाल्या मित्राच्या स्टॉलचा कोपरा आम्हाला मिळाला होता, तिथून सहा टॉवेल घेऊन गेले. पाच मुलींना आणि एक स्वतःला.

तसंच ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर सवलत. ३०० रुपये देऊन टॉवेल घेतलेला माणूस विचारतो, देणगीची पावती मिळेल ना? नाही मिळणार. टॉवेल घेतलात ती खरेदी, काही न घेता दिलेत ती देणगी. मालाचा हिशेब आम्ही वेगळ्या वहीत ठेवतो, आयकराला तो वेगळाच लागतो. अमेरिकेचे नागरिक झालेले एक गृहस्थ शंभर डॉलर पाठवतो म्हणाले, वर एक टॉवेल द्या. परदेशी नागरिकाची देणगी घ्यायला परकीय योगदान कायद्याची परवानगी लागते, ती आमच्याकडे नाही. त्यांना नको म्हणताना संपादकाचा चेहरा बघवत नव्हता. त्यांची बहीण इथेच जुळे सोलापूर भागात राहते, तिने स्वतःसाठी दोन घेतले.

सांगायचं राहिलंच. गड्ड्याच्या त्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त हातोहात काय गेलं असेल तर दहा रुपयांचं एक पोस्टकार्ड. १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं पत्र चालवत. कार्डावर तेवढंच होतं, चार नावं आणि तारीख. एक कॉलेजची मुलगी म्हणाली, रोज चार पुतळ्यांवरून जाते, पण यातला एक आपल्या लाइनमधला होता हे माहीत नव्हतं. ती पत्रकारिता शिकते. कार्डाचं वजन काही नाही, माप नाही, फुटत नाही. हे आधी का नाही सुचलं?

महापालिकेच्या निवडणुकीच्या तोंडावर एका इच्छुकाचा माणूस घरी आला. टॉवेल त्याने कुणाकडे तरी बघितला होता. पन्नास हवेत म्हणाला, रोख, फक्त खाली साहेबांचं नाव विणून द्या. 'आज पाणी आहे का?' आणि खाली साहेब! मला पंधरा हजार दिसत होते. त्याला चहा दिला आणि संपादकाला फोन लावला. तो फोनवर हसला, आणि मग म्हणाला, "काकू, नाही." मी त्या माणसाला सांगितलं की एका डिझाइनला कमीत कमी २०० नग लागतात. तो म्हणाला, २०० करा. मग खरं कारण सांगावं लागलं. चहा अर्धा टाकून गेला.

दोन वर्षांत विक्री १ लाख १६ हजारांची. माल, पॅकिंग, फुटतूट, परत आलेली पार्सलं आणि फुकट वाटलेले नग वजा जाता संस्थेच्या हातात ३१ हजार. आठवड्याला माझे सहा-सात तास जातात, ते यात धरलेले नाहीत. एका बातमीदाराचा महिन्याचा पगार आणि वर थोडा एसटीचा खर्च, एवढी ही कमाई. संपादक म्हणतो, पैशाचं नाही काकू, लोकांच्या घरात आपण पोचतो. घरात पोचतो ते टॉवेलमुळे. मगामुळे नाही, आणि एस साइझच्या टी-शर्टमुळे तर नाहीच.

दुसऱ्या कुठल्या संस्थेचं असं काम कुणाला करायचं असेल तर संस्थेकडून दोन गोष्टी पहिल्या दिवशी लिहून घ्या: माल ठेवायचा कुठे, आणि पैसे कुणाच्या यूपीआयवर येणार. माझ्या खात्यावर पहिले दोन महिने येत होते. चुकीची गोष्ट होती, मीच बंद करायला लावली. आता थेट न्यासाच्या खात्यात जातात आणि मला फक्त यादी येते. यादी मात्र शनिवारी सांगितली तर मंगळवारी येते. ही तक्रार मी त्याच्या तोंडावर केलेली आहे, इथेही करते.

पुढची खेप नॅपकिनची. सोळा-चोवीस इंची, शंभरेक ग्रॅमचा, पोस्टाला हलका. अण्णांना २०० नग सांगितलेत. अक्षर एवढ्याशा जागेत बसवायचं म्हणून वाक्य फक्त एका शब्दाचं ठेवलंय: 'आलं!' नमुना परवा आला. अनुस्वार दिसत नाही. 'आल!' दिसतंय. अण्णांना म्हटलं, टिंब जाड करा, नाहीतर शुद्धिपत्र छापावं लागेल.